गाडीचं नाक वर, ट्रेलरचं खाली: बोट ओढताना वेट डिस्ट्रिब्युशन हिच लागतो का?

बोट ओढायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा गुडघे टेकतो तो गाडीच्या मागच्या बंपरखाली. तिथे चासीला बोल्टने आवळलेली एक चौकोनी नळी असते. तिला रिसीव्हर म्हणतात. ट्रेलर ज्या पोलादी गोळ्यावर अडकतो, त्या बॉलचा दांडा तिच्यातच सरकवायचा. या रिसीव्हरच्या कडेला एक स्टिकर असतो आणि त्यावर बहुतेक वेळा आकड्यांच्या दोन ओळी असतात. उदाहरणार्थ पहिल्या ओळीत ट्रेलर ५,००० पौंड आणि टंग (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार) ५०० पौंड. दुसऱ्या ओळीत ट्रेलर १०,००० पौंड आणि टंग १,००० पौंड. म्हणजे ट्रेलर किलोत सुमारे २,२७० आणि ४,५४०.

गोंधळ इथूनच सुरू होतो. दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर ‘वेट डिस्ट्रिब्युटिंग’ असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, तो खास हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांगाडा, विकत आणला की गाडीची ताकद दुप्पट. मग बोटवाले सांगतात, ‘आम्ही वर्षानुवर्षं साध्या बॉलवर ओढतोय, कशाला पैसे घालवता?’ कॅरॅव्हॅनवाले, म्हणजे चाकांवरचं घर ओढणारे, सांगतात, ‘त्याच्याशिवाय रस्त्यावर निघूच नका.’ दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते कसं, हे समजायला आधी थोडी तरफ समजून घ्यावी लागते.

एक गोष्ट लगेच सांगून टाकतो. तो स्टिकर फक्त रिसीव्हरबद्दल बोलतो. गाडीचं इंजिन, ब्रेक, टायर, मागचा ॲक्सल यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा खरा आकडा.

टंग वेट म्हणजे नेमकं काय

ट्रेलरचा पुढचा निमुळता दांडा म्हणजे टंग. त्याच्या टोकाला कपलर असतो, तो बॉलवर बसतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा असताना हे टोक बॉलवर जेवढं खाली दाबतं, तेवढं टंग वेट. बाकीचं सगळं वजन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असतं.

बैलगाडी भरणाऱ्यांना ही गोष्ट न शिकवता कळायची. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तसंच आहे, फक्त मानेच्या जागी इथे बॉल आहे.

साध्या मालवाहू किंवा कॅरॅव्हॅन ट्रेलरला उत्तर अमेरिकेत भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट ठेवायला सांगतात. बोटीच्या ट्रेलरला पुष्कळ उत्पादक त्याहून कमी, ५ ते १० टक्क्यांच्या आसपास सांगतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे.

३०० किलो ठेवले, मागची चाकं ४२० का सोसतात?

एक गाडी घेऊ. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ३ मीटर. बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे. ट्रेलर आणि बोट मिळून ३,००० किलो, टंग वेट ३०० किलो.

बॉल जर बरोबर मागच्या ॲक्सलवर असता, तर ते ३०० किलो सरळ मागच्या चाकांनी घेतले असते आणि गोष्ट संपली असती. पण बॉल त्याच्या मागे लोंबतोय. त्यामुळे मागचा ॲक्सल सीसॉचा मधला खुंटा बनतो. मागचं टोक खाली दबलं की पुढचं वर उचललं जातं. किती? ३०० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे १२० किलो. हे १२० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले आणि तेही मागच्या चाकांवर येऊन बसले. म्हणून मागे ३०० अधिक १२०, एकूण ४२०.

पुढची १२० किलो हलकी झालेली चाकं कुठली, तर जी गाडी वळवतात. गाडी थांबवण्याचं जास्तीचं कामही तीच करतात, कारण ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. स्टीअरिंग हातात लोण्यासारखं हलकं लागतं, आणि ते लोणी काही चांगलं नाही. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, तो तुम्हाला डिपर देत राहतो आणि तुम्ही म्हणता, ‘मी तर लो बीमवरच आहे.’ पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर ओल्या चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागतं.

इकडे मागच्या टायरांवर आणि मागच्या ॲक्सलवर अपेक्षेपेक्षा जास्त ओझं पडलंय. गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीत मागच्या ॲक्सलची मर्यादा दिलेली असते. ३०० किलोचा हिशेब करून निघालेल्याला ती कधी ओलांडली, हे कळतही नाही.

मग हा हिच करतो तरी काय

बॉल आणि कपलर मिळून एक सांधा होतो, बिजागरीसारखा. दोन लाकडी पट्ट्या बिजागरीने जोडून आडव्या धरा आणि मधे बिजागरीवर दाबा. सांधा खाली खचतो, दोन्ही बाहेरची टोकं वर येतात. आता त्या सांध्याच्या खालून एक लवचीक पोलादी पट्टी ताणून बांधा, मोडक्या हाताला खपच्या बांधतात तशी. सांधा खचायचा थांबतो आणि दाब दोन्ही पट्ट्यांच्या लांबच्या टोकांपर्यंत पोहोचतो.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमधले दोन स्प्रिंग बार म्हणजे त्या खपच्या. बॉलच्या खालच्या जाड डोक्यात त्यांचं एक टोक अडकतं. दुसरं टोक मागे, बॉलपासून साधारण ७०-८० सेंटिमीटरवर, ट्रेलरच्या फ्रेमला साखळीने किंवा ब्रॅकेटने वर ओढून बांधलेलं असतं. बार धनुष्यासारखे वाकतात. ते सरळ व्हायला बघतात आणि त्या धडपडीत गाडीचं नाक खाली दाबलं जातं, ट्रेलरच्या चाकांवरही थोडं वजन ढकललं जातं.

आपल्याच उदाहरणात, बॉलपासून ट्रेलरच्या चाकांचं अंतर ६ मीटर धरू. बार एवढे ताणले की पुढच्या चाकांचं हरवलेलं निम्मं वजन परत आलं. आता पुढचा ॲक्सल १२० ऐवजी ६० किलोनेच हलका आहे. मागच्या ॲक्सलवरची वाढ ४२० वरून ३३५ वर आली. आणि ट्रेलरच्या चाकांवर २५ किलो वाढले. बेरीज करून बघा: ३३५ अधिक २५ वजा ६०, बरोबर ३००. एक किलोही कुठे नाहीसा झालेला नाही, फक्त उचलून दुसरीकडे ठेवलाय.

म्हणूनच या हिचने गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही. ‘एवढ्या वजनापर्यंत साधा बॉल, त्याच्यापुढे हाच हिच’ असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल, तर हिच लावून तुम्ही फक्त कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत पोहोचता. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींच्या पुस्तिकेत ही रेघ ५,००० पौंडांवर मारलेली सापडते.

‘त्यापेक्षा मागे एअरबॅग टाकतो ना!’

हा सल्ला नेहमी मिळतो. मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवायच्या, पंपाने हवा भरायची, गाडीची बसकी कंबर वर. दिसायला झकास, गाडी अगदी सपाट.

पण सीसॉ आठवा. एअरबॅगने खुंटा उंच केला; दोन्ही बाजूंचं वजन जिथल्या तिथेच. पुढची चाकं अजून १२० किलोने हलकी आहेत आणि मागची ४२० किलो जास्त वाहतायत. हेडलाइट खाली आले हा फायदा खरा, त्याला मी नाकारत नाही. मात्र ‘गाडी सपाट दिसते म्हणजे वजन वाटलं गेलं’ हा समज फसवा आहे, उलट दुखणं झाकणारा आहे. बसलेली कंबर निदान काहीतरी बिनसलंय एवढं तरी सांगत होती.

ज्या गाड्यांत आपोआप उंची सांभाळणारं सस्पेन्शन असतं, त्यांच्यात तर आणखी घोळ. बार ताणत असतानाच गाडी स्वतः मागून वर उचलली गेली, तर तुमचं माप चुकतं. अशा वेळी ती यंत्रणा आधी बंद करायची, चालू ठेवायची की विशिष्ट उंचीवर लावायची, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. पुस्तिका उघडावीच लागते.

‘मग निम्मंच का? सगळं वजन पुढे आणूया की’

गणितात ते शक्य आहे. आपल्या उदाहरणात बार दुप्पट ताणले तर पुढचा ॲक्सल पूर्वीइतका जड होतो, मागे वाढ २५० किलोच राहते आणि ट्रेलरच्या चाकांवर ५० किलो जातात. एके काळी असंच करायला सांगायचे.

अडचण वळणावर येते. मागून ट्रेलर आडवा रेटत असतो आणि तो रेटा मागच्या टायरांना सोसायचा असतो. त्यांच्यावरचं वजन काढून घेतलं की त्यांची जमिनीवरची पकड कमी होते. वळणात किंवा अचानक लेन बदलताना गाडीची मागची बाजू आधी सुटते, आणि ट्रेलरसकट सुटलेली मागची बाजू सावरणं फार कठीण. पुढची चाकं थोडी हलकी असतील तर गाडी थोडी कमी वळते, ते निदान कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. म्हणून आता कित्येक पुस्तिका निम्म्याच्या आसपास थांबायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो धरा. गाडीचं नाक ट्रेलर जोडण्याआधीपेक्षाही खाली गेलं असेल तर मात्र निःसंशय जास्त ताणलंय.

शेपूट हलवणारा ट्रेलर

हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, झोका वाढत जातो आणि शेवटी तो गाडीलाच फिरवतो. याला स्वे म्हणतात. दुकानात दोन्ही वस्तू एकाच फळीवर असल्यामुळे लोक समजतात की वेट डिस्ट्रिब्युशन हिच घेतला की स्वे गेला. ही दोन वेगळी कामं आहेत. काही हिचमध्ये स्वे दाबणारी घर्षणाची सोय जोडीला असते, काहींत ती अजिबात नसते.

स्वेचं मूळ बहुतेक वेळा टंग वेट कमी असण्यात, म्हणजे माल मागे जास्त असण्यात आणि वेगात असतं. बोटीच्या बाबतीत त्याचा इलाज फुकट आहे: बोट ट्रेलरवर थोडी पुढे घ्या. विंचचा (बोट दोराने ट्रेलरवर ओढणाऱ्या चरखीचा) खांब आणि बोटीचं नाक टेकायचा रबरी ठोकळा बहुतेक ट्रेलरवर सरकवता येतो. काही ट्रेलरवर ॲक्सलच मागे-पुढे हलवता येतो. उलाळ गाडीवर महागडा हिच लावणं म्हणजे दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

बोटीचा ट्रेलर जातीचाच वेगळा

इथवरचं सगळं कॅरॅव्हॅनलाही लागू आहे. बोट म्हटलं की चार गोष्टी बदलतात, आणि हिच विकणारे नेमक्या याच विचारत नाहीत.

पहिली, टंग वेट मुळातच कमी. बोटीचं इंजिन मागे असतं. २०० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन एकटंच २०० किलोच्या वर जातं. ट्रेलरची चाकंही मागे सरकवलेली असतात आणि टंग लांब असते. लांब टंगमुळे ट्रेलर कमी टंग वेटवरही बऱ्यापैकी सरळ चालतो. २,००० किलोच्या बोट-ट्रेलरला ६ टक्के धरले तर टंग वेट १२० किलो. वरचं गणित पुन्हा लावा: पुढची चाकं ४८ किलोने हलकी.  एवढ्यासाठी बार लावून वजन हलवायला जावं, असं मला तरी वाटत नाही. युरोपात गाड्यांना बॉलवर पुष्कळदा ७५ ते १०० किलोच झेपतात, ट्रेलर कमी टंग वेटवर आणि कमी वेगात ओढतात. तिथे हा हिच क्वचितच दिसतो.

दुसरी, टंगचा आकार. कॅरॅव्हॅनची टंग इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी, दोन बाजूंना दोन दांडे. बारचे ब्रॅकेट त्याच आकारासाठी बनवलेले असतात. बोटीच्या ट्रेलरची टंग पुष्कळदा एकच सरळ नळी असते, किंवा ॲल्युमिनियमची आय-बीम. सरळ नळीसाठी वेगळे ब्रॅकेट मिळतात, पण ट्रेलर बनवणाऱ्याची मुभा आहे का हे आधी विचारा. बारच्या ओढीने त्या नळीवर वाकवणारा जोर येतो आणि पातळ ॲल्युमिनियम क्लॅम्पखाली पिचकतं. एकदा खाली वाकून टंगला हात लावून बघा: ब्रेकची पाइप आणि दिव्यांच्या वायरी तिच्याच कडेने जातात. ब्रॅकेट बसवताना ती पाइप चिमटली, की पहिल्या उतारावर कळतं.

ट्रेलर गॅरेजमध्ये मावावा म्हणून काही टंगा बिजागरीवर दुमडतात. त्या दुमडत्या सांध्यावर बारचा ताण येता कामा नये, त्यामुळे अशा टंगवर हा हिच सहसा चालत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: सर्ज ब्रेक. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, म्हणून साधे विजेचे ब्रेक त्याला टाळतात. त्याऐवजी कपलरमध्येच एक सरकता भाग असतो. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून पुढे रेटतो, तो भाग काही सेंटिमीटर आत सरकतो, आतला पिस्टन दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. ना वायर, ना बटण. मस्त साधी युक्ती.

आता बार आठवा. त्यांचं एक टोक बॉलखाली गाडीच्या बाजूला, दुसरं ट्रेलरच्या फ्रेमला. म्हणजे ते नेमके त्या सरकत्या भागाला ओलांडून जातात. साखळीने टांगलेले बार असतील तर साखळी थोडी पुढे-मागे झुलते आणि सरकायला वाव राहतो. पण बार जर ब्रॅकेटमध्ये घट्ट घासत बसणारे असतील, किंवा जोडीला घर्षणाची वेगळी स्वे पट्टी लावली असेल, तर तो भाग हवा तेव्हा सरकतच नाही. ब्रेक उशिरा लागतात, कमी लागतात किंवा लागले की सुटत नाहीत. घर्षणाची स्वे पट्टी आणि सर्ज ब्रेक ही जोडी म्हणून टाळायचीच. बार लावायचे असतील तर दोन जणांचा होकार लेखी हवा: हिच बनवणाऱ्याचा आणि कपलर-ब्रेक बनवणाऱ्याचा. त्या सरकत्या भागावर वाकवणारा जोर चालतो की नाही, हे कपलर-ब्रेक बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

जाता जाता: विजेच्या ब्रेकवर स्वे सुरू झाला तर चालक हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून तो सरळ करू शकतो. सर्ज ब्रेकवर ही सोय नाही. तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, झोक्याच्या विरुद्ध झटके द्यायचे नाहीत.

चौथी गोष्ट रॅम्पची, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उताराची, ती शेवटी.

आधी कागद, मग दुकान

माझा क्रम असा आहे. गाडीची पुस्तिका आधी. काही गाड्यांना, विशेषतः स्वतंत्र चासी नसलेल्या एसयूव्हींना, हा हिच लावायलाच मनाई असते, कारण बारचा पीळ रिसीव्हरच्या जोडांना सोसत नाही. तिथे ‘नको’ लिहिलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही; हलकी बोट किंवा मोठी गाडी. मग रिसीव्हरचा स्टिकर: दुसरी ओळ आहे का? सव्वा इंचाची लहान नळी असेल तर बहुधा नसेल. त्यानंतर ट्रेलर आणि ब्रेक बनवणारे. या सगळ्यांनी हो म्हटलं, आणि टंग वेट एवढं आहे की नाक खरंच वर जातं, तरच बारच्या मापाकडे वळायचं.

बार किती किलोचे? न्हाणीघरातला काटा आणा

बार ४००, ६००, ८००, १,००० पौंड अशा टंग वेटच्या मापांत मिळतात. ‘जरा जास्तीचे घेऊ, कामाला येतील’ हा घरगुती हिशेब इथे लागू पडत नाही. गरजेपेक्षा ताठ बार खड्ड्यात लवत नाहीत, त्यांचा हिसका सरळ ट्रेलरच्या फ्रेमला आणि रिसीव्हरला बसतो. फार मऊ बार वाकतात, पण वजन हलवत नाहीत. खऱ्या टंग वेटमध्ये गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं सामान मिळवायचं, आणि त्या बेरजेला सामावणारं माप घ्यायचं.

खरं टंग वेट माहितीपत्रकातून मिळत नाही. माहितीपत्रकातलं वजन कोरड्या बोटीचं असतं: टाकीत थेंब नाही, बॅटरी नाही, नांगर नाही, लाइफ जॅकेट नाही. २०० लिटर पेट्रोल म्हणजेच जवळपास १५० किलो. टाकी ट्रेलरच्या चाकांच्या पुढे असेल तर ती भरल्यावर टंग वेट वाढतं, मागे असेल तर कमी होतं. म्हणून जशी ओढणार तशीच भरून मोजा.

घरी मोजायची युक्ती अशी. दणकट फळी घ्या. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली माणसांचा वजनकाटा. दोन्ही आधारांवर पाइपाचे तुकडे आडवे ठेवा, म्हणजे भार नेमका एका रेषेवर पडेल. दोन आधारांत अंतर १२० सेंटिमीटर. नुसत्या फळीचं वजन काट्यावर किती दिसतं ते लिहून ठेवा. आता ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, ट्रेलर सपाट राहील अशा बेताने, टंग फळीवर टेकवा, विटेपासून ३० सेंटिमीटरवर. काट्यावर टंग वेटचा चौथा हिस्सा पडतो. काटा ७० दाखवत असेल आणि त्यात फळीचे ५ असतील, तर ६५ गुणिले ४, म्हणजे २६० किलो. पुन्हा तरफच.

ट्रक मोजायचा मोठा काटा जवळपास असेल तर उत्तम. तिथे तीन वेळा मोजा: नुसती गाडी, बार न लावता ट्रेलर, आणि बार लावून. प्रत्येक ॲक्सल वेगळा मोजला की कुठलं वजन कुठे गेलं, हे कागदावर छापून हातात येतं.

टेपने मोजा, डोळ्याने नको

काटा नसेल तर मोजपट्टीवरही भागतं. पुढच्या चाकाच्या मडगार्डची कड जमिनीपासून किती उंच आहे ते नुसत्या गाडीवर मोजा. समजा ९० सेंटिमीटर. ट्रेलर जोडून, बार न लावता: ९३. निम्मं परत आणायचं असेल तर बार लावल्यावर ९१.५ यायला हवं. कमी-जास्त असेल तर साखळीची एक कडी पुढे-मागे, किंवा हिचच्या डोक्याचा कल बदलायचा. ट्रेलरही सपाट उभा राहायला हवा. दोन ॲक्सलचा असेल आणि नाक वर-खाली असेल तर एकाच ॲक्सलवर भार जातो.

साखळी चढवतानाची एक गोष्ट मी अंगावर ओढवून शिकलो. हिचसोबत एक पोकळ पाइप मिळतो, तो ब्रॅकेटवर चढवून तरफेसारखा वर ओढायचा, म्हणजे बार ताणला जातो. पहिल्यांदा मी ट्रेलर बॉलवर बसवला आणि सरळ पाइप ओढायला लागलो. अर्ध्यात ताकद संपली, पाइप उलटा आला आणि माझ्या हनुवटीजवळून गेला. नंतर कळलं की आधी कपलर कुलूपबंद करून टंगचा जॅक फिरवायचा. जॅक ट्रेलरचं नाक आणि गाडीची कंबर दोन्ही एकत्र वर उचलतो, सांधा उलटा वाकतो आणि बार सैल पडतात. तेव्हा साखळी जवळपास हाताने चढते. मग जॅक खाली सोडला की ताण आपोआप येतो. काढतानाही हेच, उलट क्रमाने. पाइपाच्या वाटेत डोकं ठेवायचं नाही, हे सांगायला नकोच.

रॅम्पवर पोहोचल्यावर

बार सपाट रस्त्यासाठी ताणलेले असतात. गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन बदलला की त्यांचा ताणही बदलतो. रॅम्पच्या तोंडाशी पाणी वाहून जायचा उथळ गटार असतो. त्यात सांधा खाली खचतो आणि बार ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वाकतात. पुढे गाडी वर सपाटीवर आणि ट्रेलर उतारावर असं झालं की उलट होतं. सांधा वर उचलला जातो, बार ढिले पडतात, साखळ्या लोंबतात. गोलाकार दांड्याचे, खालून अडकणारे बार आधीच जमिनीजवळ असतात. बाजूने अडकणाऱ्या चौकोनी बारना खालून थोडी जास्त जागा मिळते. बोटीसाठी निवड असेल तर मी बाजूचेच घेईन.

म्हणून रॅम्पच्या रांगेत लागण्याआधी, सपाट जागेवर, बोटीचे मागचे पट्टे सोडता सोडता बार काढून घ्यायचे. यात एक गंमत आहे: बार काढल्यावर गाडीचं नाक पुन्हा हलकं होतं, आणि नेमकं तेव्हाच ओल्या, शेवाळलेल्या उतारावरून ट्रेलर वर ओढायचा असतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला हे जड जातं. चारही चाकांची सोय असेल तर ती तिथे लावून टाका. बोट उतरवताना ट्रेलर पाण्यात, गाडी कोरडी. बार मात्र गाडीत एखाद्या जुन्या पोत्यावर, कारण त्यांच्या टोकांना ग्रीस असतं. पाणी खारं असेल तर घरी गेल्यावर हिचचं डोकंही गोड्या पाण्याने धुवा. आणि त्या साखळीच्या ब्रॅकेटची छोटी पिन खिशात टाकू नका, ब्रॅकेटलाच अडकवून ठेवा. माझी पहिली पिन तळ्यात आहे.